क्वांटम गॅसमधला कोहेरन्स: प्रोजेक्टवाल्यांनो, या चुका टाळा

रातभर लॅपटॉप चालवला, सकाळी उठून प्लॉट काढला, अन् कोहेरन्स लेंग्थ (गॅसच्या लाटेचा मेळ जिथवर टिकतो ते अंतर) जिथल्या तिथंच. चौथ्या सेमिस्टरला ही तक्रार ठरलेली. "मॅडम, कोड तर चालून राहिला, एरर बी नाही, मग कन्डेन्सेट काहून नाही बनून राहिलं?" बहुतेक वेळा कोड खरंच बरोबर असतो, चूक कोडच्या आधी झालेली असते, डोक्यात. म्हणून आज सविस्तर लिहिते, कारण आपल्या यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या कॉलेजात लेझर कूलिंगची लॅब नाही, व्हॅक्यूम चेंबर नाही, पण एक बरा लॅपटॉप आणि ग्रॉस-पिटाएव्हस्की समीकरण (अशा गॅसची लाट वेळेनुसार कशी बदलते ते सांगणारं) एवढ्यावर या विषयातलं खरंखुरं फिजिक्स पाहता येतं, आणि हा विषय आत्ता जगात गरम आहे, जुना झालेला नाही.

विषय थोडक्यात असा. बोसॉन अणूंचा (एकाच अवस्थेत कितीही बसू शकतात अशा अणूंचा) गॅस पूर्ण विस्कटलेल्या अवस्थेत आहे, समतोलापासून फार दूर. तो स्वतःच्या स्वतः शांत होत जातो आणि त्यातून एक मोठी एकसंध क्वांटम लाट तयार होते, तिलाच कन्डेन्सेट म्हणतात. प्रश्न हा की ती लाट कशी तयार होते, किती वेळात, आणि कोणत्या नियमाने पसरते. बोस यांनी ढाक्याहून १९२४ मध्ये आपला लेख आईनस्टाईनला पाठवला तिथून ही गोष्ट सुरू होते, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला रुबिडियमचं आणि त्याच वर्षी एमआयटीत सोडियमचं कन्डेन्सेट बनलं, २००१ मध्ये त्यावर नोबेल मिळालं. एवढं पुस्तकात असतंच. पुस्तकात जे कमी असतं ते म्हणजे बनण्याची प्रक्रिया, आणि चुका तिथंच होतात.

"थंड झालं म्हणजे कोहेरंट झालं"

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

पुस्तकातलं सूत्र असं सांगते की अणूची थर्मल वेव्हलेंग्थ (अणूच्या क्वांटम लाटेची लांबी, थंडीत वाढणारी) वाढत वाढत शेजारच्या अणूपर्यंत पोचली की कन्डेन्सेशन. रुबिडियम-८७ साठी हिशेब करून पाहा, खोलीच्या तापमानाला ही वेव्हलेंग्थ साधारण ०.०१ नॅनोमीटर येते आणि १०० नॅनोकेल्विनला ०.६ मायक्रोमीटर. घनता गुणिले वेव्हलेंग्थचा घन २.६१२ झाला की झालं. हे सूत्र बरोबर आहे, पण ते समतोलाचं सूत्र आहे, शेवटी काय असणार तेवढंच ते सांगते. तिथपर्यंत जायला किती वेळ लागणार, मधे काय काय घडणार, यावर त्यात एक अक्षर नाही. आणि पोरं काय करतात, ट्रान्झिशनच्या (कन्डेन्सेट बनायला लागते त्या तापमानाच्या) खाली गेलं की स्विच दाबल्यासारखा पूर्ण गॅस एका फेजमध्ये (फेज म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठं आहे ते सांगणारा कोन) आला असं धरून पुढचा सगळा चॅप्टर लिहून टाकतात.

प्रत्यक्षात गॅसच्या या टोकाला त्या टोकाची काहीच खबर नसते. खंजिरी भजनाला शंभर माणसं बसली आहेत, इशारा देणारं कोणी नाही, प्रत्येकाने आपापल्या वेळेला थाप मारली, असं समजा. आधी शेजारी शेजाऱ्याशी जुळतो. मग इथं वीस जणांचा एक ठेका, तिथं पंधरा जणांचा वेगळा ठेका. ठेका धरलेले तर सगळेच आहेत, पण दोन टोळक्यांचा एकमेकांशी मेळ नाही, आणि जिथं दोन टोळकी भिडतात तिथं गडबड होते. मग मोठं टोळकं छोट्याला ओढून घेते आणि टोळकी वाढत जातात. गॅसमध्ये ठेक्याच्या जागी फेज आहे, आणि एका टोळक्याची जी सरासरी लांबी ती कोहेरन्स लेंग्थ.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या मोजायच्या आहेत. एक, कमी मोमेंटमच्या अवस्थांमध्ये किती अणू येऊन बसले. दोन, फेजचा मेळ किती अंतरापर्यंत पोचला. पहिली गोष्ट लवकर होऊ शकते, तरी दुसरी मागंच असते. कागान, स्विस्तुनोव आणि श्ल्याप्निकोव यांनी १९९२ मध्ये हेच टप्पे थिअरीत मांडले होते, आधी घनतेचे चढउतार शमतात, फेजचे चढउतार मागून रेंगाळत शमतात. एमआयटीच्या गटाने १९९८ मध्ये गॅस झटक्यात थंड करून कन्डेन्सेट वाढताना पाहिलं, तिथं वाढ आधी हळू, मग एकदम जोरात, कारण ज्या अवस्थेत आधीच बोसॉन जास्त तिथं नवीन बोसॉन जास्त वेगाने येतात. पण ती वाढ संख्येची. फेजच्या मेळाचा प्रश्न झुरिकच्या ईटीएचमध्ये २००७ साली थेट हाताळला गेला, बनत्या कन्डेन्सेटच्या दोन वेगवेगळ्या जागांहून अणू बाहेर काढले, ते एकमेकांवर आणले आणि त्यांचा इंटरफेरन्स वेळेनुसार कसा वाढतो ते पाहिलं. असा प्रयोग करावा लागला यातच उत्तर आहे: नुसती अणूंची मोजदाद करून कोहेरन्स कळत नाही.

प्रोजेक्टमध्ये याचा अर्थ एवढाच, की कन्डेन्सेट फ्रॅक्शनचा एक ग्राफ काढून "कोहेरन्स इमर्ज झाला" असं लिहू नका. कोरिलेशन फंक्शन (दोन बिंदूंमधला मेळ किती ते सांगणारं) काढा, वेगवेगळ्या वेळांना काढा, ते अंतरानुसार कसं पडते ते दाखवा.

"बाहेरून थंड केल्याशिवाय कन्डेन्सेट कसं बनेल?"

व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं अडकतात. गॅस पूर्ण बंद आहे, ऊर्जा आत येत नाही की बाहेर जात नाही, अणूंची संख्या तेवढीच. तरी कन्डेन्सेट बनते. कसं काय?

अणू एकमेकांवर आपटतात तेव्हा एक अणू जवळपास थांबतो आणि दुसरा जास्त ऊर्जा घेऊन निघून जातो. अशा असंख्य टकरींमधून बहुसंख्य अणू खालच्या मोमेंटमकडे सरकतात आणि ऊर्जा थोड्याच अणूंच्या खांद्यावर बसून वरच्या मोमेंटमकडे जाते. दोन्ही प्रवाह एकाच वेळी, उलट्या दिशांना. केंब्रिजच्या गटाने पोटॅशियम-३९ चा गॅस एका डब्यासारख्या सपाट ट्रॅपमध्ये ठेवून हे दोन्ही प्रवाह मोजून दाखवले, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मोमेंटमचं वितरण वेगवेगळ्या वेळांना काढलं आणि योग्य स्केलिंग केलं की सगळे कर्व्ह एकमेकांवर येऊन बसतात. त्याआधी २०१८ मध्ये हायडेलबर्ग आणि व्हिएन्ना इथल्या दोन गटांनी वेगवेगळ्या प्रणालींमध्ये असंच स्वतःसारखं स्केलिंग पाहिलं होतं. थिअरीत याला नॉन-थर्मल फिक्स्ड पॉइंट म्हणतात, गॅस समतोलाकडे जाताना वाटेत अशा एका ठिकाणाजवळून जातो की तिथं सुरुवात कशी होती हे तो जवळपास विसरलेला असतो.

म्हणून सिम्युलेशनमध्ये डॅम्पिंग (ऊर्जा मुद्दाम काढून घेणारा टर्म) टाकून जबरदस्तीने कन्डेन्सेट बनवू नका. इमॅजिनरी टाइम तर अजिबात नाही. इमॅजिनरी टाइम ही ग्राउंड स्टेट शोधायची युक्ती आहे, त्यातल्या "वेळेला" काही भौतिक अर्थ नाही, आणि तरी दरवर्षी कोणीतरी त्याच्या स्टेप मिलिसेकंदात लिहून आणते.

सुरुवातच चुकली तर रातभर वाट पाहून उपयोग नाही

आता ती पहिली तक्रार. कन्डेन्सेट बनत नाही याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेत ग्रिडच्या प्रत्येक बिंदूवर रँडम कॉम्प्लेक्स नंबर टाकलेला असतो. दिसायला ते मस्त "विस्कटलेलं" दिसते, पण फुरियरमध्ये जाऊन पाहा, अणू सगळ्या मोडमध्ये (मोड म्हणजे एकेका मोमेंटमची लाट) सारखे पसरले आहेत आणि मोड तर वरच्याच मोमेंटमला जास्त असतात. म्हणजे दर अणूमागे ऊर्जा भयंकर. एवढ्या ऊर्जेला समतोल आला तरी तो ट्रान्झिशनच्या वरचाच समतोल असणार, तिथं कन्डेन्सेट असूच शकत नाही. आठवडाभर चालवा, बनणार नाही. वरून ग्रिड बारीक केली की ऊर्जा आणखी वाढते, म्हणजे पोरगं बिचारं अॅक्युरसी वाढवायला जाते आणि कन्डेन्सेटपासून आणखी लांब जाते.

बरोबर पद्धत अशी की विस्कटलेपण फेजमध्ये हवं, ऊर्जा मात्र कमी हवी. फुरियरमध्ये जा, शून्य मोमेंटमच्या आसपासच्या एका मर्यादित गोळ्यातले मोड भरा, प्रत्येकाला शून्य ते दोन पायमधला रँडम फेज द्या, बाकी सगळे मोड रिकामे ठेवा. शून्य मोमेंटमचा मोड मुद्दाम भरून ठेवू नका, नाहीतर कन्डेन्सेट तुम्हीच पेरलं असं होईल. मग एकूण ऊर्जा काढा आणि ती प्रोजेक्टमध्ये लिहा. हा एक आकडा नसला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही की तुमच्या गॅसला कन्डेन्स व्हायची मुभा होती की नाही.

दुसरं टोक पण पाहिलं आहे: सगळीकडे एकच फेज, थोडीशी घनता हलवली. मग कोहेरन्स सुरुवातीपासूनच पूर्ण आहे, पसरणार काय?

आणि एक बारीक गोष्ट. ही क्लासिकल फील्ड पद्धत आहे (सुटे अणू न धरता गॅसला एक लाट धरणारी), प्रत्येक मोडमध्ये बरेच अणू असतील तिथंच ती चालते. वरच्या मोडमध्ये एकापेक्षा कमी अणू उरले की तिथलं गणित भरवशाचं नाही, आणि शेवटी जे "तापमान" निघते ते तुम्ही ग्रिड कुठं कापली यावर ठरते. म्हणून सिम्युलेशनचं तापमान काढून ते प्रयोगाच्या नॅनोकेल्विनशी जुळवायच्या फंदात पडू नका. खालच्या मोडमधली कोहेरन्सची वाढ मात्र मन लावून पाहा, तिथं ही पद्धत चांगली आहे.

लॅपटॉप स्लो आहे म्हणून एकाच मितीत करू नका

हे मोहाचं काम आहे, मला समजते. तीन मितीत मेमरी पुरत नाही, दोन मितीत रात्र जाते, एका मितीत पाच मिनिटात उत्तर. पण एक मिती ही तीन मितींची छोटी आवृत्ती नाही, तिथलं फिजिक्सच वेगळं आहे.

एका रेषेवर सारख्या वस्तुमानाचे दोन अणू आपटले, ऊर्जा आणि मोमेंटम दोन्ही जपायचे, तर काय होऊ शकते? कागदावर दोन समीकरणं मांडून सोडवा, दोनच उत्तरं निघतात. एकतर काहीच बदललं नाही, नाहीतर दोघांनी मोमेंटमची अदलाबदल केली. अणू सारखेच असल्यामुळे अदलाबदल म्हणजे पण काहीच बदललं नाही! मोमेंटमचं वितरण होतं तसंच. वर सांगितलेले ते दोन उलटे प्रवाह इथं सुरूच होऊ शकत नाहीत. २००६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात रुबिडियमचे अणू एका मितीत कोंडून एकमेकांवर पुन्हा पुन्हा आपटवले, हजारो टकरी झाल्या तरी गॅस थर्मल झाला नाही.

म्हणून किमान दोन मिती घ्या. १२८ बाय १२८ ची ग्रिड साध्या लॅपटॉपवर आरामात चालते, नमपायमधलं (पायथनची गणिताची लायब्ररी) एफएफटी, म्हणजे जलद फुरियर, त्याला पुरते. दोन मितीत एक सावधगिरी हवी: शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला तिथं खरा लाँग-रेंज ऑर्डर (कितीही लांब टिकणारा मेळ) नसतो, समतोलातही कोरिलेशन अंतरानुसार हळूहळू पडतच राहते. ते एका स्थिर किमतीवर जाऊन थांबत नाही म्हणून "चुकलं" समजू नका. तुमची पेटी मर्यादित असल्यामुळे शेवटी सगळी पेटी कोहेरंट दिसेलच, तेवढं पुरे.

फेज मोजताना

फेज हा कोन आहे, आणि कोनाची साधी सरासरी काढायची नसते. एका बिंदूवर ३५९ अंश, शेजारी १ अंश, दोघांचा जवळपास पूर्ण मेळ आहे, पण सरासरी काढली तर १८० येते, बरोबर उलट्या दिशेला. त्यामुळे कोन काढून त्यांच्यावर गणित करूच नका, कॉम्प्लेक्स नंबर जसा आहे तसा वापरा आणि कोन अगदी शेवटी, चित्रात रंग भरायला काढा.

मग रनची सरासरी. वेगवेगळे सीड (रँडम नंबरांची सुरुवात ठरवणारा आकडा) घेऊन बरेच रन करायचे आणि सरासरी काढायची हे बरोबर आहे, पण सरासरी कशाची? थेट वेव्ह फंक्शनची सरासरी काढली तर शून्याकडे जाणार. प्रत्येक रनमध्ये कन्डेन्सेट कोणता फेज निवडतो ते त्याचं त्याने ठरवलेलं असते, एकात २० अंश, दुसऱ्यात २०० अंश. सरासरीत सगळं पुसून जाते आणि पोरगं म्हणते कन्डेन्सेटच नाही. आधी प्रत्येक रनमध्ये दोन बिंदूंमधलं कोरिलेशन काढा, म्हणजे एका बिंदूवरच्या किमतीचा कॉन्जुगेट गुणिले दुसऱ्या बिंदूवरची किंमत, मग त्याची सरासरी. एकूण फेज त्यात आपोआप कटतो. आणि घनतेने भागून नॉर्मलाइज करायला विसरू नका, शून्य अंतरावर एक आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी ते दुरुस्त करा.

याच्याच उलट बाजूची चूक पेपर वाचताना होते. एखाद्या फोटोत दोन कन्डेन्सेट एकमेकांवर येऊन ठसठशीत पट्टे दिसतात, लगेच निष्कर्ष की दोघांमध्ये फेजचा मेळ आधीपासून होता. तसं नसते. एमआयटीने १९९७ मध्ये दोन कन्डेन्सेट एकमेकांवर आणून पट्टे दाखवले, आणि पॅरिसच्या गटाने २००४ मध्ये साधारण ३० स्वतंत्र कन्डेन्सेटची रांग घेऊन दाखवलं की एकमेकांशी काही संबंध नसला तरी एकाच फोटोत पट्टे दिसू शकतात. फरक कळतो तो पुन्हा पुन्हा प्रयोग केल्यावर. मेळ खरा असेल तर दरवेळी पट्टे त्याच जागी येतात, नसेल तर दरवेळी सरकतात. एका फोटोवरून एवढंच म्हणता येते की प्रत्येक कन्डेन्सेट स्वतःपुरतं कोहेरंट होतं.

वेग: लांबी नाही, लांबीचा वर्ग

मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथं जरा थांबते.

कोहेरन्स किती वेगाने पसरतो असं विचारलं की बहुतेक जण ध्वनीचा वेग सांगतात. म्हणजे लांबी वेळेच्या सरळ प्रमाणात वाढणार. पण टोळकी मोठी होण्याच्या या प्रक्रियेत लांबीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. पेटी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नाही, चौपट. केंब्रिजच्याच गटाने अलीकडे हे फार काळजीपूर्वक मोजलं, बंद पेटीत, कमी ऊर्जेची पण फेज पूर्ण विस्कटलेली सुरुवात, आणि अणूंमधली इंटरॅक्शन चुंबकीय क्षेत्राने कमीजास्त केली. साधं लॉजिक सांगते की इंटरॅक्शन जास्त तर टकरी जास्त, म्हणून कोहेरन्स जलद. सुरुवातीला तसंच होते. पण पुढे जाऊन सगळे कर्व्ह एकाच दराला येऊन मिळतात, इंटरॅक्शन कमी असो की जास्त. आणि तो दर ठरवतात फक्त प्लांक स्थिरांक आणि अणूचं वस्तुमान, एकाला दुसऱ्याने भागलेलं. घनता बदलली, पेटीचा आकार बदलला, सुरुवात बदलली, तरी तोच. एवढ्या गोंधळातून निघणाऱ्या गोष्टीची वेगमर्यादा निसर्गाच्या एका स्थिरांकाने आणि अणूच्या वजनाने ठरावी, हे वाचलं तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते.

आता यातल्या चुका. प्लांक स्थिरांक आणि एच-बार (प्लांक स्थिरांक भागिले दोन पाय) यांच्यात ६.२८ पटीचा फरक आहे, त्यात घोळ झाला तर तुमचा दर सहापट चुकणार. पोटॅशियम-३९ साठी प्लांक स्थिरांक भागिले वस्तुमान काढलं तर सेकंदाला साधारण १०,२०० चौरस मायक्रोमीटर येते, आणि एच-बार घेतला तर साधारण १,६००. कोणता घेतला ते स्पष्ट लिहा.

तसंच कोहेरन्स लेंग्थची तुमची व्याख्या लिहा. कोरिलेशन अर्ध्यावर येते ते अंतर, की एक्स्पोनेन्शियल फिटमधली लांबी, की मोमेंटम वितरणाच्या रुंदीवरून काढलेली? तिन्ही बरोबर, पण आकडे वेगळे, आणि वर्ग केला की फरक आणखी वाढतो. दोन मित्रांचे प्रोजेक्ट एकमेकांशी जुळत नाहीत यावर भांडण करण्याआधी हे पाहा.

आणि लॉग-लॉग प्लॉट. सगळ्यांची सवय, लॉग-लॉग काढायचा, सरळ रेष ठेवायची, स्लोप ०.५ आला की खूश, ०.३८ आला की "नवीन एक्स्पोनंट मिळाला". अरे बाबा, गॅस सुरुवातीला वेगळ्याच घाईत असतो, स्केलिंग सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तुमच्या घड्याळाचा शून्य हा स्केलिंगचा शून्य नाही. शून्य थोडा सरकला तरी लॉग-लॉगचा स्लोप बदलतो. त्यापेक्षा लांबीचा वर्ग उभ्या अक्षावर, वेळ आडव्या अक्षावर, साधा प्लॉट काढा आणि मधल्या भागात सरळ रेष आहे का पाहा. तिचा स्लोप म्हणजे तुमचा दर, शून्य कुठंही असो. सुरुवातीचा भाग सोडा, आणि लांबी पेटीच्या आकाराजवळ पोचली की तो भाग पण सोडा, तिथं वाढ थांबते ती पेटी संपली म्हणून.

किबल-झुरेकचं नाव मात्र इथं घुसवू नका. ते गणित ट्रान्झिशन ठराविक वेगाने ओलांडताना टोळकी किती मोठी बनतात ते सांगते. २०१५ मध्ये केंब्रिजने ते पेटीतल्या गॅसवर तपासलं, थंड करायला लागणारा वेळ आठपट केला तर टोळकी साधारण दुप्पट, म्हणजे घातांक एक तृतीयांशाच्या जवळ. तुमच्या सिम्युलेशनमध्ये हळू ओलांडणं असं काही नाहीच, सरळ विस्कटलेल्या अवस्थेतून सोडलं आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत.

कोड खरंच बरोबर आहे का, ते असं तपासा

स्प्लिट-स्टेप पद्धत (गतीचा आणि इंटरॅक्शनचा भाग आळीपाळीने लावणारी) वापरणारे सगळे अणूंची संख्या तपासतात, ती दहाव्या दशांशापर्यंत कायम दिसते, आणि मग निर्धास्त. पण या पद्धतीत संख्या कायम राहणारच, टाइम स्टेप कितीही भिकार असला तरी, कारण प्रत्येक स्टेपला फक्त फेज फिरवला जातो. ती परीक्षाच नाही. परीक्षा ऊर्जेची घ्या. ऊर्जा हळूहळू सरकत असेल तर टाइम स्टेप अर्धा करा आणि पुन्हा पाहा. सगळ्यात वरच्या मोडचा फेज एका स्टेपमध्ये पायपेक्षा जास्त फिरत असेल तर स्टेप मोठाच आहे.

ग्रिडचा गाळा हीलिंग लेंग्थपेक्षा (घनता शून्यावरून पूर्ववत व्हायला लागणारं अंतर) लहान हवा, नाहीतर व्होर्टेक्सचं (गॅसमधल्या भोवऱ्याचं) पोट ग्रिडमधून गळून जाते. आणि समीकरणातला क्यूबिक टर्म वरच्या मोमेंटमचा कचरा खाली परत टाकतो, म्हणून दर स्टेपला मोमेंटमच्या कमाल मर्यादेच्या अर्ध्यावरचे सगळे मोड शून्य करा. ग्रिड वाया जाते वाटते पण निकाल भरवशाचा येतो.

व्होर्टेक्स तर मोजाच, कारण कोहेरन्स अडतो तो यांच्यापाशीच. व्होर्टेक्सभोवती एक फेरी मारली की फेज पूर्ण ३६० अंश फिरून येतो, त्याला गुळगुळीत करून मिटवता येत नाही, उलट्या दिशेचा जोडीदार येऊन दोघं एकमेकांना संपवतील तेव्हाच तो जातो. ॲरिझोनातल्या गटाने २००८ मध्ये कन्डेन्सेट बनताना आपोआप आलेले असे व्होर्टेक्स प्रत्यक्ष पाहिले. मोजायचं असं: ग्रिडच्या प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरून फेजचा फरक घेत फिरा, प्रत्येक फरक उणे पाय ते अधिक पाय यात आणा, आणि बेरीज करा. पिरिऑडिक पेटीत (एका कडेने बाहेर गेलं की समोरच्या कडेने आत येते अशा) उजवे आणि डावे व्होर्टेक्स नेहमी सारखेच निघतात. एकूण संख्या विषम आली तर कोडमध्ये बग आहे, वाद नको. आणि अगदी सुरुवातीच्या क्षणांना हजारो व्होर्टेक्स दिसतील त्यांचा प्लॉट काढू नका, तिथं घनताच एवढी खालीवर असते की त्या मोजणीला अर्थ नाही.

ग्राफ सपाट झाला की "समतोल आला" असं लिहायची पण घाई नको. व्हिएन्नाच्या गटाने २०१२ मध्ये एका मितीतला गॅस दोन भागांत फाडून दाखवलं की तो लवकरच एका स्थिर दिसणाऱ्या अवस्थेत जातो, तापमान पण दाखवतो, पण तो खरा समतोल नसतो. मोमेंटमचं पूर्ण वितरण पाहा, एका आकड्यावर जाऊ नका.

आपल्याकडची खास अडचण: लाईन आणि ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो आणि प्रोजेक्ट सबमिशन त्याच सुमारास येते. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप हळू होतो, दुपारी जो रन चार तास घेतो तो पहाटे निम्म्यात होऊ शकतो. त्यामुळे रात्री उशिरा लावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या. ऑनलाइन नोटबुकवर चालवत असाल तर नेटवर्क गेलं की सेशन जाते, हे पण धरून चला.

लाईन जाणारच आहे. म्हणून दर थोड्या वेळाने डेटा फाइलमध्ये टाकत राहा. आणि टाकायचं काय, तर पूर्ण कॉम्प्लेक्स वेव्ह फंक्शन, रिअल आणि इमॅजिनरी दोन्ही. एका पोराने पूर्ण रात्रीच्या रनमधून फक्त घनता सेव्ह केली होती, जागा वाचवायला. "मॅडम, घनतेवरून फेज काढता नाही येत का?" नाही येत नं बाबा, ज्या गोष्टीसाठी रन केला तीच फाइलमध्ये नव्हती. जागा वाचवायची तर कमी वेळांना सेव्ह करा, सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ, पण प्रत्येक वेळी पूर्ण. सोबत त्याच फाइलमध्ये सीड नंबर, टाइम स्टेप, ग्रिडचा गाळा, सुरुवातीची ऊर्जा आणि इंटरॅक्शनची किंमत टाका. प्रत्येक रनला वेगळा सीड आहे ना ते पण तिथंच कळते, कारण लूपमध्ये सीड आत लिहिला गेला तर सगळे रन हुबेहूब सारखे निघतात आणि एरर बार शून्य येतो.